मशीन आणि पाटी

बाबांच्या स्कूटरला टेम्पोने उडवलं, तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मॅडमनी खाटेशेजारीच सोनोग्राफी केली. यकृत आणि किडनीच्या मध्ये, प्लीहेजवळ, ओटीपोटात, हृदयाभोवती. चार जागा, काही मिनिटं. साचलेलं रक्त स्क्रीनवर काळं दिसतं. बाबांना तसं काही नव्हतं.

भिंतीवर पाटी होती: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. मुली हेरून पोटातच संपवल्या गेल्या, म्हणून महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, देशात पहिला. 1994 मध्ये केंद्राने. नोंदणीशिवाय मशीन ठेवता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "या कटकटीपायी कित्येक जण मशीन घेतच नाहीत."

बाबांना तशा ठिकाणी नेलं असतं तर?

कोडमधला जाचक नियम मी बिनधास्त उडवते. हा उडवावासा वाटत नाही. मी 1997 ची, घरातली तिसरी मुलगी.