व्हर्सायचे हिशेबघर

पॅरिसच्या नैऋत्येस सुमारे २० किलोमीटरवर व्हर्साय हे शहर आहे. तेथील राजवाडा पाहावयास येणारे प्रवासी ७३ मीटर लांबीच्या आरसेमहालात जातात, तेथील ३५७ आरशांत स्वतःचे प्रतिबिंब न्याहाळतात आणि कारंज्यांभोवती फिरून परततात. राजवाड्याच्या दक्षिण अंगास, संत्र्यांच्या झाडांसाठी बांधलेल्या भव्य वास्तूलगत, एक जुने घर आहे. त्याकडे फारसे कोणी वळत नसे. व्यापारी घराण्यांना मात्र तेच अधिक ओळखीचे वाटावे. कारण फ्रान्सच्या राज्याची फडणिशी तेथून चालत असे.

'ल ग्राँ काँत्रोल' हे त्या वास्तूचे नाव. चौदाव्या लुईचे वास्तुविशारद ज्यूल आर्दुआँ-माँसार यांनी ती १६८१ मध्ये उभारली. १७२३ पासून राज्याच्या अर्थमंत्र्यांचे वास्तव्य व कचेरी तेथे आली. त्युर्गो, कालोन व नेकर हे तिघेही अर्थव्यवहाराचे सूत्रधार म्हणून येथे वावरले.

यांपैकी नेकर मूळचे जिनिव्हाचे, पॅरिसमध्ये पेढी चालवून संपन्न झालेले. १७८१ मध्ये त्यांनी राज्याचा जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला. अशी गोष्ट तोवर घडली नव्हती. पुस्तिका हातोहात खपली. तीत खर्च वजा जाता शिल्लक दिसत होती. तथापि अमेरिकेतील युद्धासाठी कर्ज काढून केलेला प्रचंड खर्च त्या हिशेबात धरलेलाच नव्हता. पुढे कालोन यांना तुटीची कबुली द्यावी लागली. १७८८ मध्ये नेकर यांना पुन्हा बोलावण्यात आले आणि ११ जुलै १७८९ रोजी राजाने त्यांना दूर केले. तीनच दिवसांनी बॅस्टिल पडले. ऑक्टोबरात राजकुटुंबाने व्हर्साय सोडले, ते कायमचे.

नंतरच्या काळात ही वास्तू लष्करी अधिकाऱ्यांच्या वापरात होती. पुढे काही वर्षे ती रिकामीच राहिली. जुन्या वास्तूची देखभाल हा न थांबणारा खर्च असतो. म्हणून व्हर्सायच्या व्यवस्थापनाने मालकी न सोडता ती दीर्घ मुदतीच्या कराराने एका हॉटेल कंपनीकडे सोपविली. साथीच्या काळात महिनोन्महिने बंद असलेला राजवाडा १९ मे २०२१ रोजी पुन्हा उघडला आणि जूनच्या आरंभी हे निवासस्थानही खुले झाले.

येथे अवघ्या १४ खोल्या आहेत. राजवाड्याचे दरवाजे इतरांसाठी बंद झाल्यावर येथील पाहुण्यांना वाटाड्यासह आतील दालने पाहता येतात, महाकालव्यात नौकाविहार करता येतो. सजावट करताना १७८८ मध्ये या घरातील सामानाची जी यादी केली होती, तिचा आधार घेण्यात आला. कोणा अनाम कारकुनाने नेमून दिलेले काम म्हणून केलेली ती नोंद सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी अशी उपयोगी पडली.

एका रात्रीचे भाडे हजार युरोंच्या वर असल्याने हा मुक्काम मोजक्यांनाच परवडणारा आहे. इतरांनी खंत बाळगण्याचे कारण नाही. पॅरिसहून लोकल गाडीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. सोमवारी राजवाडा बंद असतो, हे ध्यानात ठेवावे. विस्तीर्ण उपवनात पायी जाणाऱ्यास शुल्क नाही. कारंज्यांच्या दिवशी उद्यानासाठी मात्र तिकीट लागते. ग्राँ काँत्रोलपासून थोड्याच अंतरावर राजाचा भाजीमळा आहे. ला कँतिनी यांनी १६७८ ते १६८३ या काळात दलदलीत भर घालून सुमारे ९ हेक्टरांवर तो फुलविला. फळझाडे व भाजीपाल्याची लागवड तेथे आजही होते.

आरसेमहाल पाहून झाल्यावर प्रवाशाने या हिशेबघरासमोर, बाहेरून का होईना, क्षणभर थांबावे. येथे एका ताळेबंदात मोठा खर्च गाळला गेला आणि राज्य सुस्थितीत असल्याचा भास काही काळ टिकला. याच घरातील एक साधी सामानयादी मात्र आहे ते आहे तसे नोंदवून गेली, आणि उजाड झालेले घर पुन्हा उभे करताना तिचाच आधार मिळाला. वहीत काय लिहिले आणि काय वगळले, याचे मोल पिढ्यांनंतरही चुकवावे लागते किंवा पदरात पडते, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.