चार वर्षांच्या मुलासाठी कोणती शाळा?

धाकटा चार वर्षं दोन महिन्यांचा झाला तेव्हा आमच्या घरात त्याच्याबद्दल तीन मतं होती. सासूबाई म्हणायच्या, याचा बापही उशिराच बोलला, थांबा. गोंदियाला राहणाऱ्या मोठ्या दिरांनी एका निवासी विशेष शाळेत चौकशी केली होती. तिथे सहा वर्षं झाल्यावर घेतात, आताच नाव सांगून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचं मत तो फारसं बोलून दाखवत नसे: 'विशेष' हा शब्द एकदा चिकटला की लग्नापर्यंत सुटत नाही. माझं मत मात्र रोज बदलायचं.

चोरखमारा हे नाव बाहेरच्यांना नागझिऱ्याच्या प्रवेशद्वारामुळे आणि तलावामुळे माहीत असतं. राहणाऱ्यांसाठी ते तिरोडा तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांचं, जंगलाला लागलेलं गाव. इथे निवड करायला दहा शाळा नाहीत. त्यामुळे 'विशेष शाळा की साधी शाळा' याचा आमच्यासाठी अर्थ होता, 'गोंदियाचं वसतिगृह की घर'.

तो बोलायचा ते सुटे शब्द. त्याच्या वयाची पोरं काल काय झालं ते सांगत. हा बोट दाखवायचा. बटण लावता येत नव्हतं, दोन रंग वेगळे काढता येत नव्हते. पण कुणाचा बैल कुठला हे त्याला बरोबर कळायचं, आणि सांदवाडीतल्या कोंबड्या मोजता येत नसल्या तरी एक कमी असली की तो शोधत फिरायचा. त्याला काय येतं आणि काय येत नाही, याची सरळ बेरीज होत नव्हती.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं तेव्हा गोष्ट पुढे सरकली. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात डॉक्टरांचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी ते पाहतात. पथकातल्या डॉक्टरबाईंनी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथे सगळ्यांत आधी कान तपासले. हे मला फार पटलं. कमी ऐकू येणारं मूल वरवर मंद वाटू शकतं, आणि कानाचा दोष असेल तर पुढचे सगळे प्रश्नच बदलतात. त्याचे कान चांगले होते.

मग मानसशास्त्रज्ञ ताईंनी त्याला नाव विचारलं. तो गप्प. आम्ही घरी पोवारी बोलतो. मी म्हटलं, "तोरो नाव का से?" त्याने लगेच सांगितलं. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं मला त्याच्या बोलीत विचारायला लावलं. त्याने काही उत्तरं जास्त दिली. पण गोष्ट सांग म्हटल्यावर पोवारीतही त्याला ती सांगता आली नाही. भाषेची अडचण होती, आणि भाषेपलीकडचीही होती.

त्यांनी वापरलेली एक चाचणी व्हाइनलँडची, नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली. तिच्यात मुलाला प्रश्न विचारत नाहीत, आईला विचारतात: स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, कात्रीने कापतो का, जिना उतरताना एका पायरीवर एकच पाय टाकतो का. आमच्या घराला जिना नाही. लहान मुलाच्या हाती लागेल अशी कात्रीही नाही. मी तसं सांगितल्यावर ताई उठल्या आणि आम्हाला रुग्णालयाच्या जिन्यावर घेऊन गेल्या. तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरला.

हिशेब असा असतो: उत्तरांवरून आलेलं सामाजिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. चौतीस महिने भागिले पन्नास महिने. अडुसष्ट. सत्तरच्या खाली सौम्य कमतरतेचा पट्टा सुरू होतो. पण ताईंनी त्या आकड्यावरून मतिमंदत्वाचा शिक्का मारला नाही. पाच वर्षांच्या आत 'विकासात उशीर' एवढंच म्हणतात, कारण या वयातले आकडे पुढे सरकतात, वरही आणि खालीही. वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता तर इतक्या लवकर ठरवताच येत नाही. २०१८च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत तिची चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा करायला सांगितली होती.

मी विचारलं, "मग याला विशेष शाळा लागेल का?" त्या म्हणाल्या, "विशेष शिक्षण लागेल. शाळेचं नंतर बघू." त्या क्षणापर्यंत हे दोन शब्द मला एकच वाटत होते. विशेष शिक्षण म्हणजे एखादी कृती लहान तुकड्यांत मोडून, रोज, तीच तीच, मूल जिथे आहे तिथून शिकवणं. बटण लावायचं तर आधी मोठं बटण आणि सैल काज, आम्ही अर्धं घालून द्यायचं आणि त्याने ओढायचं. शब्द जोडायचे तर "पाणी" म्हटल्यावर "पाणी दे" म्हणून दाखवायचं आणि थांबायचं. याला वेगळी इमारत लागत नाही. शिकवणारा हात लागतो, आणि त्या हाताला शिकवणारं कुणीतरी लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. मदतीने मुलाकडे जायचं, ही कल्पना आपल्याच मातीतली आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही आणली: लवकर ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा. कागदावर ते चांगलं आहे. पण सेविकाताईंना वजनं घ्यायची असतात, आहार वाटायचा असतो, मोबाइलवर नोंदी भरायच्या असतात. एका मुलाच्या बटणासाठी त्यांना किती वेळ मिळणार हे मी रोज पाहते.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. सहा वर्षांपर्यंत तो गावच्या अंगणवाडीत जाईल, कारण बोलणारी मुलं तिथे आहेत आणि त्याचे अर्धे शब्द ती पोरं आमच्याआधी ओळखतात. महिन्यातून दोनदा मी त्याला वाचा-उपचारासाठी गोंदियाला नेईन. घरी रोज अर्धा तास, सासूबाईंसकट. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजमाप. सहाव्या वर्षी दिव्यांग हक्क कायदा, २०१६ लागू होईल: चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर जवळची शाळा की विशेष शाळा, हे निवडण्याचा हक्क अठरा वर्षांपर्यंत आहे. तेव्हा तो वाक्य बोलू लागलेला नसेल, एका जागी बसून शिकू शकत नसेल, तर दिरांनी विचारलेल्या शाळेत मी स्वतः जाऊन बघणार आहे. नवऱ्याला हे आधीच सांगून ठेवलं आहे.

याची किंमत आहे. गोंदियाची एक फेरी म्हणजे एक दिवस बुडतो, आणि रोवणीच्या दिवसांत तो दिवस परवडत नाही. या पावसाळ्यात दोन फेऱ्या चुकल्या. शिवाय एक भीती आहे: 'थांबू या' म्हणणाऱ्या सासूबाईंपेक्षा आमचा निर्णय खरंच वेगळा आहे, की तेच थांबणं आम्ही जरा शहाण्या भाषेत करतो आहोत? ही भीती घालवायला माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात मी तारीख टाकून फक्त नवीन आलेलं लिहिते. वही पुढे सरकते आहे तोवर हे थांबणं नाही. दोन महिने कोरी राहिली, तर सहा वर्षांची वाट पाहायची नाही, असंही आम्ही ठरवलं आहे.

गेल्या आठवड्यातली नोंद: मोठं बटण, एकट्याने. त्याखालची: 'आजी ये'.