दारातला कढीपत्ता

बोईसरच्या चाळीत राहायला आलो तेव्हा आईने गावाहून कढीपत्त्याचे रोप आणून रंगाच्या रिकाम्या डब्यात लावले. आई गेली, झाड राहिले. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी पाऊस सरताना त्याची पाने कुरतडलेली दिसली आणि आमचे डोके फिरले. रात्रपाळी करून आलो होतो. पाहतो तर पानापानावर पाखराच्या शिटीसारख्या काळ्या-पांढऱ्या अळ्या! ढेकणांची पावडर होती, ती मारली. हाच पाला आपण वरणात टाकतो, हेही सुचले नाही.

शाळेतून धाकटी आली. मेलेल्या अळ्या एकेक वेचून कागदावर ठेवल्या. "पप्पा, यांची फुलपाखरं झाली असती," एवढेच म्हणाली. रात्री आमच्या ताटाजवळ बसली नाही.

गेल्या वर्षी मादी पुन्हा आली. काळी, पिवळट ठिपक्यांची, मागच्या पंखांवर तांबडा ठिपका. लिंबू, बेल, कढीपत्ता अशाच झाडांवर तिची पिल्ले वाढतात. पुढच्या पायांनी पान थोपटून ती चव घेते. पटले तरच राजगिऱ्याच्या दाण्याएवढे एक अंडे, मग दुसरे पान. राज्य फुलपाखराचा मान २०१५ साली मिळालेले नीलवंत हिच्याच कुळातले, तेही लिंबाच्या जातीवर वाढते. आम्ही ते अजून पाहिलेले नाही.

या वेळी पावडरीला हात लावला नाही. धाकटीने सात अळ्या मोजल्या. शिटीसारखे दिसण्यात त्यांचा जीव वाचतो, पाखरे टोचत नाहीत. चौथी कात टाकली की अळी हिरवीगार. तिला काडी लावली तर डोक्यामागून दोन शिंगे बाहेर आली आणि असा उग्र वास सुटला की सौ. नाक धरून आत पळाली. तरीही सातातल्या पाच कुठे गेल्या, कळले नाही. दोघींनी कोष केले. खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा बांधतो, तसा रेशमाचा एक धागा कोषाभोवती असतो. पानांतला कोष हिरवा, डब्याच्या काडीवरचा तपकिरी. हिरव्याला भोक पडून त्यातून बारीक माश्या निघाल्या. धाकटी रडली नाही, पण दुसऱ्या कोषाजवळून हलेना.

एका पहाटे पाळीवरून आलो तर काडीला ओले, चुरगळलेले पंख लोंबत होते. चप्पल न काढताच आत जाऊन तिला उठवले. पंख सुकेपर्यंत दोघे उंबऱ्यावर बसलो.

आता फोडणीचा पाला बाजारातून आणतो.