सिन्नरची पावली

नाशिकहून पुण्याच्या रस्त्यानें सुमारें ३० किलोमीटर गेलें कीं सिन्नर लागतें. यादवांच्या आरंभींच्या काळांत येथें त्यांची राजधानी होती. आज बाहेरचा प्रवासी थांबतो तो गोंदेश्वराचें देऊळ पाहण्यासाठीं. मध्यें शिवाचें मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांस विष्णु, गणेश, पार्वती व सूर्य यांचीं लहान देवळें, असें हें पंचायतन आहे. भिंतींवर नृत्यमुद्रेंतील सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. त्यांच्यासमोर उभें राहून मीं विद्यार्थ्यांस नृत्य व नृत्त यांतील भेद किती वेळां सांगितला असेल! भावाच्या आश्रयानें चालतें तें नृत्य, केवळ ताल व लय यांच्या आश्रयानें चालतें तें नृत्त, असें धनंजयाचें दशरूपक सांगतें. मात्र जिवंत नृत्त आमच्याच आळींत दरवर्षीं चालू असतां तिकडे मीं कधीं लक्ष दिलें नाहीं.

तें नृत्त म्हणजे वारकऱ्यांची पावली. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठांत त्र्यंबकेश्वराहून पंढरपुरास निघते. नाशिक मागें टाकून ती सिन्नर तालुक्यांत येते आणि दातली येथें तिचें रिंगण होतें. त्यापूर्वीं कित्येक दिवस संध्याकाळीं आमच्या देवळापुढें मुलें पावली गिरवीत असतात. समोरासमोर दोन रांगा, गळ्यांत टाळ, मध्यें विणेकरी. मृदंगाच्या ठेक्यासरशीं सर्वांनीं पुढें यावयाचें, मागें सरावयाचें, वाकावयाचें, गिरकी घ्यावयाची. एकाचें पाऊल चुकलें कीं रांग मोडते, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ.

शाळेंत असतां या सरावापायीं पाठ न करतां आलेल्या एका मुलास मीं वर्गांत उभें केलें होतें. "विद्या डोक्यानें येते, पायांनीं नव्हे," असें मी बोललों, आणि सारा वर्ग हंसला. तोच मुलगा आज चाळिशी उलटून मुसळगांवच्या कारखान्यांत कामास आहे आणि पाळी सुटल्यावर आळींतील मुलांस पावली शिकवितो. यंदा देवळापुढें भेटला तेव्हां त्यानें वांकून नमस्कार केला. मीं विचारलें, "एवढे श्रम कशासाठीं रे?"

तो म्हणाला, "गुरुजी, वाटेनें चालून चालून पाय भरून येतात. पावली धरली कीं शीण जातो. शिवाय एकाचें चुकलें तर सगळ्यांचें मोडतें. म्हणून घरीं बसवत नाहीं."

ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध बाई मध्येंच म्हणाल्या, "दिंडींत फुगडी धरतांना तूं कोणाची कोण, हें कोणी विचारीत नाहीं हो."

हें केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. आयर्लंडांत १८९३ सालीं स्थापन झालेल्या गेलिक लीगनें भाषेबरोबर तेथील नृत्यासही नवें बळ दिलें. त्यांत हात अंगाशीं सरळ ठेवून सारी करामत पायांनीं करावयाची असते. देश सोडून अमेरिकेंत गेलेल्या आयरिश घरांतील मुलेंही तें नेमानें शिकतात. त्यांच्यांत स्पर्धा व पदकें आहेत, पावलींत तीं नाहींत. परंतु आपल्या माणसांच्या पावलांशीं पाऊल जुळविण्याची ओढ दोन्हींकडे सारखीच असावी.

नाट्यशास्त्राच्या चवथ्या अध्यायांत ऋषि भरतमुनींस हाच प्रश्न करितात. नृत्त गीताचा अर्थ सांगत नाहीं, तर मग तें निर्माण तरी कशासाठीं केलें? मुनि उत्तर देतात कीं नृत्तास कोणत्याही प्रयोजनाची अपेक्षा नाहीं. तें शोभा उत्पन्न करितें आणि लोकांस स्वभावतःच प्रिय आहे. हा भाग मीं अनेकदां शिकविला. शोभा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांस सुख, एवढाच अर्थ मीं तेव्हां घेतला होता. नाचणाऱ्यासही ती लाभते, आणि रांगेंत उभें राहिल्यावांचून तिचा पत्ता लागत नाहीं, हें त्या विद्यार्थ्यानें मला दाखविलें.

यंदा रिंगण पाहण्यास दातलीस गेलों. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया धांवून गेल्या, अश्व धांवला, धूळ उडाली. मग त्याची रांग उभी राहिली. त्यानें कांहीं न बोलतां एक टाळांची जोडी माझ्या गळ्यांत घातली. तीन पावलें जमलीं. चवथें चुकलें आणि रांग मोडली.

कोणीही हंसलें नाहीं. मृदंग पुन्हां पहिल्यापासून सुरू झाला.