लेकीची शाळा निवडताना

यंदा आम्ही लेकीला वाशीम शहरातल्या एका छोट्या ख्रिस्ती शाळेत दुसरीत घातले. चळवळीतल्या मित्रांनी लगेच विचारले, "विहारात बावीस प्रतिज्ञा म्हणता आणि पोरीला येशूच्या प्रार्थनेला उभी करता?" घरात आजीनेही विचारले, "पोरगी आता चर्चात जाईन काय रे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही उघडपणे देतो.

आधी ती एका मोठ्या, नावाजलेल्या इंग्रजी शाळेत होती. त्या शाळेला कुणी 'धार्मिक' म्हणत नाही. पण तिथे सरस्वतीपूजन होते, गणपती बसतो आणि त्याला संस्कार म्हणतात. बहुसंख्याकांचा धर्म शाळेत आला की तो दिसत नाही, इतरांचा आला की लगेच दिसतो. तरी आम्ही गप्प होतो. एक दिवस कसली तरी माहिती भरायची म्हणून बाईंनी भर वर्गात सांगितले, "एससीची मुले हात वर करा." संध्याकाळी लेकीने विचारले, "आपण एससी म्हणजे काय?" सहा वर्षांच्या पोरीला जात घरात आईबापांनी नाही, शाळेने सांगितली. त्या दिवशी आम्ही ठरवले, शाळा बदलायची.

जवळच्या सरकारी शाळेत दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक. मग ही चार खोल्यांची शाळा पाहिली. फी, निकाल विचारण्याआधी आम्ही डब्याच्या सुट्टीत जाऊन बसलो. कोण कुणाशेजारी बसते, कुणाच्या डब्यात कुणाचा हात जातो, पाणी कोण कुठून पिते, हे पाहिले. जात लपत नाही ती तिथेच. मुले एकाच पट्टीवर जेवत होती आणि सिस्टर प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या. कार्यकर्त्यांनो, शाळा पाहायची तर डब्याच्या सुट्टीत पाहा.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. संविधानाचे कलम २८(३) सांगते की, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आम्ही तसे पत्र दिले. सिस्टरांनी ते वाचून ठेवून घेतले, वाद घातला नाही. पहिले काही दिवस लेक प्रार्थनेच्या वेळी वर्गात एकटीच बसली आणि हिरमुसली. आता ती मैत्रिणींसोबत उभी राहते, हात मात्र जोडत नाही. ही संमती आमची आहे; आम्ही ती कधीही मागे घेऊ शकतो. हा अधिकार सरस्वतीपूजनालाही लागू होता. तो तेव्हा वापरला नाही, ही आमचीच चूक.

पण या निवडीने प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले. म्हणजे आमची लेक तिथे आहे ती आम्ही फी भरू शकतो म्हणून. शेजारच्या, रोजमजुरी करणाऱ्या ताईंचा मुलगा मात्र त्या फाटकाबाहेरच आहे. त्याच्यासाठी सरकारी शाळेत पुरेसे शिक्षक मागणे हे आपलेच काम आहे. आपली पोरं तिथे नाहीत म्हणून ते काम सोडायचे?

जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज उभा केला. शिक्षण कुठूनही घ्यावे, बुद्धी गहाण ठेवू नये, हा त्याचा अर्थ.

आपल्याच जिल्ह्यात कारंजा येथे जैन समाजाने १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू केले. बौद्धांनाही १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे. म्हणजे कलम ३० नुसार शाळा काढण्याचा हक्क आपलाही आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आपण जयंतीला वर्गणी काढतो, डीजे लावतो. वस्तीत चार खोल्यांची शाळा काढण्याचे मनावर घेतो का? आणि काढलीच, तर तिच्या दारात शेजारच्या ताईंच्या मुलाला फी विचारू नका.

तोवर विहारात रविवारचा वर्ग तरी सुरू करू. आमच्या लेकीपासून सुरुवात करतो.

जय भीम!