कुटुंबप्रमुखाशी नाते

गिरगावातील चाळीच्या दोन खोल्यांत माझे आयुष्य गेले, आणि त्याची सरकारदप्तरी जी हकीकत आहे ती शिधापत्रिकेच्या ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ या रकान्यात सामावली आहे. वडील हयात असता तेथे मी ‘मुलगी’ होते; थोरल्या बहिणींची नावे लग्नानंतर यथाकाल कमी झाली, तसे दाखले त्यांच्याबरोबर सासरी गेले, आणि माझ्या नावावर रेघ ओढण्याचा प्रसंग कारकुनावर आलाच नाही. वडिलांमागे भाऊ प्रमुख झाला, मी ‘बहीण’ झाले. साखर-रॉकेलच्या रांगेत शाळा सुटल्यावर परस्पर उभे राहण्याचे काम मात्र पूर्ववत माझ्याकडेच राहिले.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने अविवाहित कन्येला पित्याच्या घरात राहण्याचा हक्क दिला, परंतु पुरुष वारस राजी होईतो वाटणी मागण्याचा दिला नाही. ते कलम जायला २००५ साल उजाडले. आमची जागा भाड्याची, त्यामुळे तो प्रश्न उद्भवला नाही. भाऊ डोंबिवलीस गेला तेव्हा घरमालकाच्या संमतीने त्याने भाडेपावती माझ्या नावे करून दिली, आणि नातलगांनी त्याच्या औदार्याची इतकी वाखाणणी केली की आईवडिलांचे आजारपण कोणी काढले याची चौकशी करण्यास कोणास सवड राहिली नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातील ज्येष्ठ स्त्रीस कुटुंबप्रमुख ठरविले. मी त्या पदावर केव्हाचीच आरूढ होते, कुटुंब तेवढे नव्हते.

पुढे माझी मैत्रीण, निवृत्त परिचारिका आणि माझ्यासारखीच अविवाहित, येथे राहावयास आली. तिचे नाव चढविण्यास गेले असता कारकुनाने सद्भावाने विचारले, “बाई, बहीण लिहू का?” मी नको म्हटले. तिची सकाळची खोकल्याची उबळ, माझे चष्मे शोधणे, दोघींत एक वर्तमानपत्र: हा संसार आहे, पण १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याला तो दिसत नाही. मी गेल्यावर भाडेहक्क सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा, तो नसल्यास वारसाचा, म्हणजे पुतण्यांचा. मृत्युपत्र करून तो मैत्रिणीस देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

थोरल्या पुतण्याकडे विषय काढला. “आत्या, तेव्हाचं तेव्हा बघू,” म्हणाला. पोरगा प्रेमळ आहे; परंतु अशा भरवशावर दुसऱ्या म्हातारीला ठेवून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून पावतीवर दोघींची नावे घालण्याविषयी घरमालकाशीच बोलणे लावले आहे, आणि तो पागडीचा आकडा सांगेपर्यंत थांबले आहे.