ऑफलाइन प्रत आणि पाठभेद

आमचे घर मेडशीला आणि नोकरी अकोल्यातील एका महाविद्यालयात. मराठी विभागातील आम्ही काहीजण वऱ्हाडी शब्दांचा संग्रह करीत होतो आणि त्याची फाइल विभागाच्या सर्व्हरवरील सामायिक फोल्डरमध्ये असे. पातूर मागे टाकून एसटी मेडशीच्या वाटेला लागली, की तो फोल्डर आम्हांला पारखा होई. मग पेन ड्राइव्हवर फाइल न्यायची, सकाळी परत टाकायची. आणि विसरभोळेपणा तर मास्तरांच्या पाचवीलाच पूजलेला.

ह्यावर विंडोज २००० पासून एक सोय आहे. फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून तो 'नेहमी ऑफलाइन उपलब्ध' ठेवण्यास सांगितले, की संगणक त्याची प्रत आपल्याच डिस्कवरील एका दडलेल्या कप्प्यात करून ठेवतो. नेटवर्क तुटले तरी फोल्डर त्याच नावाने, त्याच जागी दिसत राहतो. (स्वस्तातल्या 'होम' आवृत्तीत मात्र ही सोय नाही, हे आम्हांला लॅपटॉप घेतल्यावर कळले!) दोन्ही प्रतींचा मेळ कधी घालायचा, ह्याचे वेळापत्रकही लावून देता येते. आम्ही सकाळी लॉग-ऑन होतानाची आणि सायंकाळी पाचची वेळ लावली आणि निर्धास्त झालो.

'आपोआप' ह्या शब्दाची भूल मोठी असते. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप वीस दिवस घरीच होता. त्याच काळात एका सहकाऱ्याने सर्व्हरवरील तीच फाइल सुधारली. प्रत एकाच बाजूला बदललेली असेल, तर यंत्र मुकाट्याने मेळ घालते. दोन्ही बाजूंनी बदलली, की ते थांबते आणि विचारते : ही ठेवू, ती ठेवू, की दोन्ही? तासाची घंटा झाली होती. आम्ही घाईने सर्व्हरवरची प्रत राखली आणि वर्गावर गेलो.

शेजारच्या आजींनी पऱ्हाटीविषयी सांगितलेले शब्द त्यात गेले. कागदावर काहीच टिपलेले नव्हते.

योगायोग असा, की त्या तासाला आम्ही 'लीळाचरित्र' शिकवीत होतो. म्हाइंभटांची मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली, पुढे महानुभावांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली, म्हणून तिचे निरनिराळे पाठ, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. आठवण आठवणीशी जुळली नाही, तरी एक पुसून टाकायची नाही, निराळा पाठ म्हणून जपायची, हेही सांगत आलो. आणि प्रत्यक्ष पाठनिर्णयाची वेळ आली, तेव्हा आम्ही तो उभ्याउभ्या केला.

आता आम्ही 'दोन्ही' निवडतो. दुसरी प्रत किंचित बदललेल्या नावाने शेजारी पडून राहते आणि शनिवारी आम्ही दोघे समोरासमोर बसून ओळ न् ओळ ताडून पाहतो. ह्या कामाला वेळापत्रक लावता येत नाही.

पुढच्या सुट्टीत वही घेऊन आजींकडे पुन्हा गेलो. काही शब्द मिळाले, दोनचार नवेही. आम्हांला पक्का आठवत असलेला एक शब्द उच्चारून पाहिला, तर त्या म्हणाल्या, "असं म्या कधी सांगतलं बापा?"